घर बदलले, बँक विलीन झाली. सिबिल अहवालात मात्र जुनाच पत्ता का?

तेल्हारा : शाळा तेल्हाऱ्यात, कॉलेज अकोल्यात, नोकरी पुण्यात आणि आता घर घ्यायचे तेही पुण्यातच. तालुक्यातल्या अनेक तरुणांचा प्रवास असाच झाला आहे. गृहकर्जाचा अर्ज दिला, की बँक सर्वांत आधी ‘सिबिल’ पाहते. समजा, असाच एक अहवाल समोर आला. त्यात चार पत्ते आहेत. एक गावातल्या घराचा, एक अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीचा. ती खोली सोडून दहा वर्षे झाली. खाली पीककर्जाचे एक खाते आहे, पण त्या नावाच्या बँकेची पाटी आता कुठेच दिसत नाही. याउलट गावच्या शाखेत वीस वर्षांपूर्वी उघडलेले आणि आजवर नीट सांभाळलेले बचत खाते अहवालात औषधालाही नाही.

हा अहवाल चुकला आहे का? बहुतेक वेळा नाही. काही वेळा मात्र खरोखरच चूक असते, आणि ती वेळीच ओळखली नाही तर ऐन गरजेच्या वेळी कर्ज अडकते. जुने काय राहणे साहजिक आहे आणि काय राहणे धोक्याचे आहे, हा फरक समजून घेतला की निम्मी काळजी मिटते.

‘सिबिल’ एक नाही, चार आहेत

वनस्पती तुपाला जसे सगळे ‘डालडा’ म्हणत, तसे पत अहवालाला आपल्याकडे सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. प्रत्यक्षात देशात चार कंपन्या हे काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. यातली सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. या कंपन्यांचे काम ‘पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५’ या कायद्याखाली चालते आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते.

या कंपन्या कुणाच्या घरी जाऊन चौकशी करीत नाहीत. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती ठरावीक काळाने त्यांच्याकडे पाठवतात. आधी ही माहिती महिन्यातून एकदा जाई. १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी पाठवणे बंधनकारक झाले. म्हणजे अहवालात जे छापले जाते, ते कुठल्या ना कुठल्या बँकेने पाठवलेले असते. चूक झाली असेल तर तिचे मूळही बहुधा बँकेच्या नोंदीतच सापडते.

चार कंपन्यांचे अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत, यामागेही कारण आहे. पूर्वी बँकेने एका पत कंपनीचे सभासद होणे पुरेसे होते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये सर्व कर्जसंस्थांना चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. त्यामुळे त्याआधीचे एखादे कर्ज एका अहवालात दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, असे होऊ शकते.

बचत खाते का दिसत नाही?

‘आमचे खाते तीस वर्षांपासून याच बँकेत आहे, तरी सिबिल कसे नाही?’ हा प्रश्न बँकेच्या काउंटरवर नेहमीचा आहे. उत्तर सरळ आहे. पत अहवाल घेतलेल्या पैशांचा असतो, ठेवलेल्या पैशांचा नाही. बचत खाते, मुदत ठेव, आवर्ती ठेव, पोस्टातले खाते यांपैकी काहीच त्यात येत नाही. खात्यात पाच लाख असोत की पाचशे, अहवालाला त्याचा पत्ता नसतो.

ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतले नाही, त्याच्या अहवालात स्कोअरच्या जागी ‘एनएच’ म्हणजे ‘इतिहास नाही’ असा शेरा येऊ शकतो. हा वाईट शेरा नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. कर्जासाठी किमान किती स्कोअर हवा, हेही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले नाही. ते प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते.

बचत खात्याला जोडून आलेल्या काही गोष्टी मात्र अहवालात उतरतात. खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट, किसान क्रेडिट कार्डावरचे पीककर्ज, सोनेतारण, ट्रॅक्टरचे कर्ज, क्रेडिट कार्ड, मोबाइल किंवा फ्रिजसाठी दुकानातच करून घेतलेला हप्ता, हे सगळे कर्जच. जनधन खात्यावर १० हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. ती वापरली तर तेही कर्जच ठरते. ‘खात्यातूनच काढले होते’ असे वाटते, पण आपले नसलेले पैसे काढले की ते उसने होतात.

बंद केलेले कर्ज अजून कसे?

अहवालाचा स्वभाव समजायला सातबारा आठवावा. जमीन विकली, वाटणी झाली, बोजा उतरला तरी जुना फेरफार नाहीसा होत नाही. कोणती नोंद कधी आली आणि कधी संपली, हे कळावे म्हणूनच तो ठेवलेला असतो. पत अहवालाचेही तसेच. पत कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे २०२० मध्ये फेडलेले दुचाकीचे कर्ज आजही दिसले तर त्यात गैर काही नाही. उलट हप्ते वेळेवर भरले असतील तर ती नोंद फायद्याचीच आहे.

सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांपर्यंतची परतफेड महिनावार दिसते. हप्ता देय तारखेनंतर किती दिवस थकला, तो आकडा तिथे असतो. ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. परतफेडीची शिस्त, मंजूर मर्यादेपैकी किती वापर, कर्जांचा प्रकार, खाती किती जुनी आहेत आणि नव्या कर्जासाठी किती ठिकाणी चौकशी केली, या गोष्टींवर तो अवलंबून असतो. नेमके सूत्र कंपन्या सांगत नाहीत. मात्र जुने, नियमित चाललेले खाते हे पतीचे भांडवल मानले जाते. पंधरा वर्षांपासूनचे क्रेडिट कार्ड ‘वापरत नाही’ म्हणून बंद करण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. त्यावर वार्षिक शुल्क भारी असेल किंवा खर्चाला आवर राहत नसेल, तर बंद करण्यातही वावगे नाही.

खरा शब्द पाहायचा तो खात्याच्या स्थितीचा. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडले, विषय संपला. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली. ‘रिटन ऑफ’ म्हणजे वसुली होत नाही म्हणून बँकेने आपल्या पुस्तकात ते बुडीत धरले. शेवटच्या दोन शब्दांनी नवे कर्ज अडते. पूर्ण पैसे भरूनही ‘क्लोज्ड’ दिसत नसेल, तर एक तर शेवटची किरकोळ रक्कम बाकी आहे किंवा बँकेने नोंद पाठवलेली नाही.

बँकेचे नाव बदलले, खाते तेच

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अहवालात अनोळखी बँक दिसण्याचे मोठे कारण आहे विलीनीकरण. ग्रामीण बँकेचेच पाहा. अकोल्यात मुख्यालय असलेली विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक आणि वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक २०१३ मध्ये एकत्र आल्या आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक तयार झाली. पुढे ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार १ मे २०२५ पासून ती आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. आता नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. म्हणजे ज्याने २०१० साली कर्ज घेऊन ते पुढे चालू ठेवले, त्याच्या बँकेचे नाव खातेदाराने काहीही न करता दोनदा बदलले.

राष्ट्रीयीकृत बँकांतही हेच झाले. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्रा व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या.

म्हणून अनोळखी नाव दिसताच ‘हे माझे कर्जच नाही’ म्हणू नये. आधी कर्ज उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम आणि खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे जुन्या पासबुकाशी ताडून पाहावेत. काळजी एका गोष्टीची घ्यावी : तेच कर्ज जुन्या बँकेच्या नावाने आणि नव्या बँकेच्या नावाने असे दोनदा तर उभे नाही ना? तसे असेल तर कर्जाचा बोजा कागदावर दुप्पट दिसतो. थकलेले कर्ज बँकेने मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले असेल, तरीही नाव बदलते.

जुन्या पत्त्याने स्कोअर घसरतो का?

नाही. पत्ता गावचा की शहराचा, जुना की नवा, याचे गुण धरले जात नाहीत. पत्ता असतो तो माणूस ओळखण्यासाठी.

प्रत्येक कर्जाच्या किंवा कार्डाच्या अर्जात आपण एक पत्ता लिहितो. बँक तो खात्यासोबत पाठवते आणि पत कंपनी तो नोंदवल्याच्या तारखेसह आपल्याकडे ठेवते. कायमचा, राहण्याचा, कार्यालयाचा असे त्याचे वर्गही असतात. म्हणून शिक्षणासाठी अकोल्यात राहताना घेतलेल्या मोबाइलच्या हप्त्यामुळे ४४४ ने सुरू होणारा पिनकोड राहतो आणि पुण्यातल्या क्रेडिट कार्डामुळे त्याखाली ४११ चा पिनकोड येतो. दोन्ही खरेच आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातले.

जिल्हा बदलल्याच्या खुणाही अशाच राहतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कारंजा, रिसोड, मंगरुळपीरकडच्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा अकोला’ दिसतो आणि बँकेने ती नोंद कधी बदललीच नसेल, तर पत्त्यातही तोच जिल्हा चालू राहतो. यात घाबरण्यासारखे काही नाही.

घाबरावे ते वेगळ्या पत्त्याला. जिथे आपण कधीच राहिलो नाही, नोकरी केली नाही, नातेवाईकही नाहीत, असा पत्ता अहवालात असेल तर दोन शक्यता उरतात. पहिली, दुसऱ्या कुणाची नोंद आपल्यात मिसळली. पत कंपन्या नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल आणि पत्ता जुळवून माणूस ठरवतात. वऱ्हाडात ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ ही दोन्ही आडनावे सर्रास आहेत आणि इंग्रजीत लिहिताना त्यांत एका अक्षराचाच फरक पडतो. एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरे. अशात पॅन नोंदवलेला नसेल तर घोळ होऊ शकतो. दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे : आपली कागदपत्रे वापरून कुणी तरी कर्ज उचलले आहे. अशा वेळी पत्त्यासोबत अहवालातली ‘चौकशी’ची यादीही पाहावी. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी आपला अहवाल मागितला, ते तिथे दिसते. आपण अर्जच केला नाही आणि चौकशी दिसते, तर त्या संस्थेला लगेच लेखी कळवावे आणि फसवणुकीची शंका असल्यास पोलिसांत, सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार करावी.

पत्त्यापेक्षा जुना मोबाइल नंबर महागात

अहवालातला जुना पत्ता निरुपद्रवी असला, तरी बँकेच्या नोंदीतला जुना पत्ता तसा नसतो. थकबाकीची नोटीस, नवे कार्ड, चेकबुक त्याच पत्त्यावर जाते. भाड्याची खोली सोडलेल्या माणसाला ते कळतही नाही. मोबाइलचे तर त्याहून वाईट. आपला अहवाल कुणी मागवला, तर पत कंपनीने एसएमएस किंवा ई-मेलने कळवायचे असते. कर्ज थकल्याची नोंद पाठवताना बँकेनेही तसेच कळवायचे असते. पण नंबर जुना असेल तर हा इशारा मिळणार कुणाला? बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

पत्ता किंवा नंबर बदलण्याचा मार्ग बँकेतूनच जातो. शाखेत केवायसी अद्ययावत करावी. आधारवर गावचा पत्ता आहे आणि सध्या राहणे शहरात आहे, तर सध्याच्या पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र देता येते. कर्ज किंवा कार्ड असलेल्या प्रत्येक बँकेत हे स्वतंत्रपणे करावे लागते. एका बँकेत बदलले म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. नवा पत्ता मग पुढच्या माहितीसोबत अहवालात जातो. जुना पत्ता मात्र त्याखाली राहू शकतो.

जामीनदार, सहकर्जदार आणि वडिलांचे कर्ज

गावात जामीन राहणे हा अजूनही शब्दाचा मान राखण्याचा व्यवहार आहे. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या दुकानाला सही दिली आणि विसरून गेलो, असे अनेकांचे होते. अहवाल ते विसरत नाही. जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज ‘गॅरंटर’ म्हणून दिसते. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याचे ओझे सही देणाऱ्याच्या पतीवरही येऊ शकते.

वडिलांच्या नावावरचे पीककर्ज मुलाच्या अहवालात आपोआप येत नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच ते येते. त्यामुळे गावचा पत्ता एकच आहे म्हणून वडिलांच्या थकबाकीने मुलाचा स्कोअर पडतो, हा समज खरा नाही. वडील गेल्यावर वारसाची जबाबदारीही वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

कर्जमाफीची नोंद तपासली का?

राज्यात २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून दीड लाखापर्यंत आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतून दोन लाखांपर्यंत कर्जमाफी झाली. कापूस, सोयाबीन, तुरीवर अवलंबून असलेल्या तेल्हारा तालुक्यासाठी या योजना परक्या नाहीत. माफीची रक्कम सरकारकडून बँकेत जमा झाली, खाते निरंक झाले, पण अहवालातली नोंद बदलली का, हे पाहायचे अनेकांच्या मनातही आले नसेल. खाते पूर्ण निरंक झाले असेल तर ‘क्लोज्ड’ अशी नोंद गेली का, ते शाखेत विचारावे. एकरकमी तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली असेल, तर ‘सेटल्ड’ येण्याची शक्यता असते.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती नको, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले होते. पण ट्रॅक्टर, घर, शिक्षण किंवा धंद्याच्या कर्जाला अहवाल पाहिला जातोच. शेतीच्या खात्यातली जुनी चूक तिथे आडवी येते.

चूक दिसली तर काय करावे?

प्रत्येक पत कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, हा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. चार कंपन्यांचे मिळून वर्षाला चार अहवाल विनाशुल्क मिळू शकतात. अहवाल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

चूक असेल तर अहवालावरचा कंट्रोल नंबर देऊन कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सोबत बँकेलाही लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, कारण बँकेने होकार दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यात बँकेने २१ दिवसांच्या आत सुधारित माहिती कंपनीला द्यायची असते. मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दिरंगाई बँकेची असेल तर बँक आणि कंपनीची असेल तर कंपनी ती रक्कम देते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पत कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्कही नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

विसरलेल्या बचत खात्याचे काय?

अहवालात न दिसणारे जुने बचत खाते वाऱ्यावर सोडावे, असा याचा अर्थ नाही. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कुणी विचारले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. पैसे बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस बँकेकडे कधीही मागू शकतो. अशा ठेवी शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टल सुरू आहे. किमान शिल्लक नाही म्हणून निष्क्रिय खात्यावर दंड लावता येत नाही.

अहवाल हाती आल्यावर एवढे पाहा

• नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल नंबर बरोबर आहेत का?
• प्रत्येक पत्त्याशी आपला कधी तरी संबंध होता का?
• प्रत्येक कर्ज ओळखीचे आहे का? नाव अनोळखी असेल तर बँक विलीन झाली आहे का?
• फेडलेल्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ आहे का, शिल्लक शून्य आहे का?
• एकच कर्ज दोनदा आलेले नाही ना?
• जामीन राहिलेली कर्जे नियमित आहेत का?
• आपण न केलेल्या अर्जाची चौकशी नाही ना?

कर्ज फिटल्यावर बँकेकडून निल दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवताना अहवालातलीही नोंद बदलली का, ते महिन्या-दोन महिन्यांनी पाहावे. शाखा हलते, साहेबांची बदली होते, बँकेचे नाव बदलते. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीचे खाते कधी आणि कसे बंद झाले, हे सिद्ध करायला घरच्या पेटीतला तो एक कागदच कामी येतो.